जवळ म्हणजे किती जवळ?

खसखशीच्या दाण्यावर जाळी असते! इतकी वर्षं अनारशावर थापली, वाटणात घातली, ओट्यावर सांडली की ओल्या बोटानं टिपून तोंडात टाकली. पण तो दाणा गोल नसतो, मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो, एका बाजूनं खोलगट असतो आणि त्याच्या सबंध अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उभ्या कडांची घरं असतात, याचा मला पत्ताच नव्हता. असणार कसा? दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. डोळ्यांना तो ठिपका म्हणून दिसतो आणि ठिपक्याकडे आपण कधी निरखून बघत नाही.

आणि गंमत म्हणजे हा शोध साडेतीनशे वर्षं जुना आहे. १६६५ साली, म्हणजे इकडे पुरंदरचा तह होत होता त्याच वर्षी, लंडनमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचं ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात सुईचं टोक आहे, छापील पूर्णविरामाचा ठिपका आहे, पिसू आहे आणि खसखशीचं बीसुद्धा आहे, जाळीसकट. हूकला त्यासाठी सूक्ष्मदर्शक, तेलाचा दिवा, प्रकाश एकवटायला पाण्यानं भरलेला काचेचा गोळा आणि चित्रकाराचा हात एवढं सगळं लागलं होतं. मला लागला तो पंचवीस बाय चोवीस मिलिमीटरचा एक सर्किट बोर्ड, त्यावरचं इवलंसं भिंग, एक चपटी केबल आणि थोडं गणित. त्या गणितानं मला असं काही झपाटलंय की भेटेल त्याला मी ते समजावत सुटले आहे. आता तुमची पाळी.

आधी ‘कॅमेरा मॉड्यूल’ म्हणजे काय ते सांगते. फोनमधून, लॅपटॉपमधून, ड्रोनमधून पडदा, बॅटरी, बटणं सगळं काढून टाकलं आणि फक्त डोळा ठेवला तर जे उरेल ते. एक सेन्सर, त्यावर भिंग आणि चित्र बाहेर न्यायला केबल. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी असं पहिलं मॉड्यूल २०१३ मध्ये आलं, पाच मेगापिक्सेलचं. २०१६ मध्ये दुसरं आलं, सोनीच्या आयएमएक्स २१९ सेन्सरचं, आठ मेगापिक्सेलचं. २०२० मध्ये भिंग बदलता येणारा ‘हाय क्वालिटी’ कॅमेरा आला आणि जानेवारी २०२३ मध्ये आपणहून फोकस करणारं तिसरं मॉड्यूल आलं, जवळजवळ बारा मेगापिक्सेलचं. शिवाय ईएसपी ३२-कॅम नावाचा अगदी स्वस्त बोर्ड आहे, दोन मेगापिक्सेलचा. फोन सोडून हा खटाटोप कशाला, असं विचाराल. तर फोन उत्तम फोटो काढतो, पण कसा काढायचा ते तोच ठरवतो. मॉड्यूल आपलं ऐकतं. ते दाण्यांच्या ताटलीवर उलटं टांगता येतं, रात्रभर दर दहा मिनिटांनी फोटो काढायला बसवता येतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचं भिंग फिरवता येतं. या शेवटच्या वाक्यात सगळी जादू आहे, पण तिथवर यायला जरा वेळ लागेल.

मी पुण्याच्या तापकीर गल्लीत चौकशीला गेले तेव्हा दुकानदारानं पहिला प्रश्न केला, “किती मेगापिक्सेलचा देऊ मॅडम?” मी म्हटलं, “मला एक मिलिमीटरचा दाणा बघायचाय.” तो म्हणाला, “मग जास्त मेगापिक्सेलचाच घ्या की.” कुणालाही पटेल असंच उत्तर. बारीक बघायचंय तर जास्त ठिपके हवेत, यात चुकीचं काय? म्हणून मी मॉड्यूल्सची माहितीपत्रकं गोळा केली, चहाचा कप बाजूला ठेवला आणि आकडेमोडीला बसले. तो चहा तसाच गार झाला.

माहितीपत्रकात एक ओळ असते: ‘फोकस : १० सेंटीमीटर ते अनंत’. बारा मेगापिक्सेलच्या मॉड्यूल तीनवर अगदी हेच लिहिलेलं आहे. दहा सेंटीमीटर म्हणजे चांगलंच जवळ, असं वाटतं ना? हिशोब करून बघा. या मॉड्यूलचं भिंग ४.७४ मिलिमीटर नाभीय अंतराचं (म्हणजे दूरवर फोकस असताना भिंग आणि सेन्सर यांत जेवढं अंतर असतं तेवढं) आहे आणि सेन्सर ६.४५ मिलिमीटर रुंद. दहा सेंटीमीटरवरून त्याला सुमारे तेरा सेंटीमीटर रुंदीचा तुकडा दिसतो. आपली शंभराची जांभळट नोट १४२ मिलिमीटर लांब आहे. म्हणजे जवळात जवळ जाऊनसुद्धा कॅमेऱ्यात जवळपास अख्खी नोट येते! त्या तेरा सेंटीमीटरवर ४,६०८ ठिपके वाटले की एका ठिपक्याच्या वाट्याला साधारण अठ्ठावीस मायक्रॉन येतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि आपल्या खसखशीच्या दाण्याच्या वाट्याला किती ठिपके येतात? छत्तीस. बारा मेगापिक्सेल, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके हाताशी असून दाण्याच्या आरपार फक्त छत्तीस! जाळी दिसायचं नावच नको.

मग नजर गेली त्याच मॉड्यूलच्या ‘वाइड’ भावंडाकडे. त्याचा फोकस पाच सेंटीमीटरपासून सुरू होतो. अंतर निम्मं, म्हणजे दाणा दुप्पट मोठा? छे! वाइड भिंगाचं नाभीय अंतर २.७५ मिलिमीटरच आहे. ते जवळ जातं खरं, पण मुळातच सगळं लहान करून दाखवतं. हिशोब केला तर दाण्यावर ठिपके येतात बेचाळीस. छत्तीसाचे बेचाळीस! हे उत्तर आलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. अंतर निम्मं होऊनही जवळजवळ काहीच मिळत नाही, याचा अर्थ ‘किती जवळून फोकस होतो’ हा प्रश्नच अपुरा आहे. आणि मेगापिक्सेल हा तर प्रश्नच नाही.

मग प्रश्न कोणता? हा: वस्तूचं चित्र सेन्सरवर प्रत्यक्ष किती मोठं पडतं? एक मिलिमीटरचा दाणा सेन्सरवर एक मिलिमीटरचाच पडला तर त्याला एकास एक म्हणायचं. अर्धा मिलिमीटर पडला तर निम्मं. दहा सेंटीमीटरवर मॉड्यूल तीनचं हे प्रमाण आहे एकास वीस. ते वाढवायचं कसं, याचं सूत्र शाळेतल्या भिंगाच्या सूत्रातूनच निघतं आणि इतकं साधं आहे की आपल्याला ते कुणी असं कसं सांगितलं नाही, याचं नवल वाटतं. दूरवर फोकस असताना भिंग सेन्सरपासून जिथे असतं, तिथून ते आणखी जितकं पुढे सरकवाल, त्याला नाभीय अंतरानं भागा. झालं! हेच तुमचं प्रमाण.

आता हे सूत्र आपल्या चिमुकल्या मॉड्यूलला लावा. मॉड्यूल दोनच्या भिंगाचं नाभीय अंतर आहे ३.०४ मिलिमीटर. म्हणजे एकास एक चित्रासाठी भिंग किती पुढे सरकवायचं? तीन मिलिमीटर! फक्त तीन! मोठ्या कॅमेऱ्याच्या पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला याच कामासाठी पन्नास मिलिमीटर पुढे न्यावं लागतं, नळ्या लावाव्या लागतात, भाता लावावा लागतो. आणि हे पोरगेलं भिंग तीन मिलिमीटर सरकलं की काम फत्ते. मॉड्यूल तीनची फोकसची मोटर अनंतापासून दहा सेंटीमीटरपर्यंत येताना भिंगाला हलवते ते जेमतेम पाव मिलिमीटर. कारखान्यानं दिलेली सगळी ‘जवळीक’ त्या पाव मिलिमीटरात संपते. पुढचं सगळं राज्य मोकळं पडलंय आणि तिथे जायला फक्त भिंग फिरवायचंय.

जास्त मेगापिक्सेलवाल्यांसाठी आता हा आकडा. ईएसपी ३२-कॅमवर येणाऱ्या ओव्ही २६४० सेन्सरचा एक ठिपका २.२ मायक्रॉनचा असतो. त्याचं भिंग एकास एकवर आणलं तर खसखशीच्या दाण्यावर साडेचारशे ठिपके पडतात. बारा मेगापिक्सेलचा महागडा कॅमेरा जिथे छत्तीस देतो तिथे दोन मेगापिक्सेलचा हा स्वस्त गडी साडेचारशे देतो! आणि मॉड्यूल दोन, ज्याचा ठिपका १.१२ मायक्रॉनचा आहे, ते देतं जवळजवळ नऊशे. त्या क्षणी मला दुकानात पळत जाऊन ओरडावंसं वाटलं की अहो, मेगापिक्सेल नाही, मिलिमीटर विचारा!

मी मॉड्यूल दोन निवडलं आणि त्याला एक विशेष कारण आहे. त्याचं भिंग आट्यांवर बसवलेलं असतं आणि ते फिरवायला प्लास्टिकचं एक छोटं पांढरं हत्यार मिळतं. ते भिंगावर बसवायचं आणि उलट्या दिशेनं हलकेच फिरवायचं. पडद्यावर दूरची खिडकी विरघळते, मग टेबलाची कड स्पष्ट होते, मग हातातली पेन्सिल, मग पेन्सिलीवरची अक्षरं, मग अक्षरांच्या शाईच्या कडा. माझा भाचा शेजारी उभा होता. “मावशी, अगं भिंगच निघून हातात येईल!” तो ओरडला. “येऊ दे,” मी म्हटलं, “तेच तर करायचंय.”

कारण पुढची पायरी त्याहून भन्नाट आहे. भिंग काढायचं आणि उलटं करून बसवायचं! कॅमेऱ्याचं भिंग एका विशिष्ट परिस्थितीसाठी घडवलेलं असतं: वस्तू लांब, सेन्सर अगदी जवळ. सूक्ष्मदर्शनात नेमकी उलटी परिस्थिती असते, वस्तू भिंगाला चिकटलेली आणि सेन्सर लांब. मग भिंगच उलटं केलं की त्याला वाटतं, आपलं नेहमीचंच काम चाललंय. सरळ भिंग नुसतं पुढे सरकवलं तर चित्राच्या कडा फिसकटतात. उलटं केलं की त्या सावरतात. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठातल्या डॅनियल फ्लेचर यांच्या गटानं २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’ या शोधपत्रिकेत हेच दाखवलं होतं. फोनच्या कॅमेऱ्यासमोर दुसऱ्या फोनचं भिंग उलटं ठेवायचं, की झाला स्वस्तातला सूक्ष्मदर्शक. केंब्रिज आणि बाथ विद्यापीठांत रिचर्ड बोमन आणि सहकाऱ्यांनी वाढवलेला ‘ओपनफ्लेक्शर’ सूक्ष्मदर्शक याच वाटेनं जातो. त्याचा सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर छापायचा. वस्तू मायक्रॉन-मायक्रॉननं सरकवायला त्यात घसरपट्ट्या नाहीत, प्लास्टिकच वाकतं. आणि त्याच्या सगळ्यात स्वस्त रूपात भिंग कोणतं? रास्पबेरी पायच्या कॅमेऱ्याचंच, उलटं केलेलं! टांझानियातल्या इफाकारा आरोग्य संस्थेबरोबर मलेरियाच्या निदानासाठी या सूक्ष्मदर्शकावर काम झालं आहे; तिथे अर्थात जास्त ताकदीची, सूक्ष्मदर्शकाची खरी भिंगं लावतात. पण घराणं एकच.

आता काय काय दिसलं ते ऐका. गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ठेवलं. त्यावरच्या बाईंच्या गालाचा गुलाबी रंग कुठे गेला? तिथे गुलाबी नाहीच! निळसर, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके आहेत, चार तिरक्या रांगांत एकमेकांवर चढलेले, आणि मधून कोरा पांढरा कागद. चांगल्या छपाईत इंचाला दीडशे रांगा असतात, म्हणजे दोन रांगांत सुमारे १७० मायक्रॉनचं अंतर. एकास एकवर प्रत्येक अंतरात दीडशे ठिपके पडतात, त्यामुळे शाई कागदाच्या तंतूंत कशी पसरली तेही दिसतं. तुम्ही हा लेख कागदावर वाचत असाल तर शेजारचं रंगीत चित्र आत्ता तुमच्याशी हीच लबाडी करतंय. मग फोनचा पडदा ठेवला: पांढऱ्या रंगाच्या जागी लाल, हिरवे, निळे दिवे. मिठाचे खडे ठेवले: चौकोनी, काटकोनी, कोपरे घासलेले. जास्वंदीचा पराग ठेवला आणि मी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. जास्वंदीचा परागकण परागांच्या मानानं राक्षसी, शंभर मायक्रॉनहून मोठा; पिवळा गोळा आणि चहूबाजूंनी काटे! देवाला रोज वाहतो त्या फुलातून हे काटेरी गोळे आपल्या बोटांना लागतात आणि आपण ते धुऊन टाकतो.

पण जवळिकीची किंमत असते आणि ती तीन नाण्यांत मोजावी लागते.

पहिलं नाणं खोली. मॉड्यूल दोनच्या एफ/२ भिंगानं (म्हणजे ज्याचं छिद्र नाभीय अंतराच्या निम्मं असतं) एकास एकवर बघितलं तर स्पष्ट दिसणारा थर सुमारे अठरा मायक्रॉन जाड असतो. आपला केस याहून कितीतरी जाड. खसखशीच्या दाण्याचा माथा स्पष्ट असेल तेव्हा त्याचा उतार धूसर असतो आणि उतार स्पष्ट केला की माथा जातो. यावर उपाय म्हणजे दाणा स्थिर ठेवून कॅमेरा थोडाथोडा खाली आणत फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यांतले फक्त स्पष्ट भाग जोडायचे. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. म्हणून मॉड्यूल निवडतानाच ते कशावर बसवणार, किती बारीक सरकवता येणार, याचा विचार हवा. टेबलाजवळून कुणी चालत गेलं तरी चित्र हलतं. मिक्सर चालू असेल तर विसराच.

दुसरं नाणं प्रकाश. भिंग पुढे सरकलं की तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. एकास एकवर सेन्सरला पूर्वीच्या तुलनेत चौथा हिस्सा उजेड मिळतो. म्हणून दिवा हवाच आणि तोही थेट नको. एलईडीसमोर बटर पेपर धरला की कडक चमक जाते आणि जाळीच्या भिंती उठून दिसतात. दिवा एका बाजूनं, तिरका ठेवला तर आणखी मजा. सावल्या पडतात, खड्डे खोल होतात. चकचकीत गोष्टींना चारी बाजूंनी मऊ प्रकाश, खडबडीत गोष्टींना तिरका, पाकळीसारख्या पातळ गोष्टींना खालून. कॅमेऱ्याइतकंच हे दिव्याचं नाटक रंगतं.

तिसरं नाणं सगळ्यात महाग आणि मॉड्यूलची खरी निवड इथेच ठरते: जागा. एकास एकवर वस्तू भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट दूर असते. तीन मिलिमीटरच्या भिंगाला हे अंतर सहा मिलिमीटर, तेही भिंगाच्या मध्यापासून मोजलेलं. उलट्या भिंगात तर वस्तू जवळजवळ काचेला टेकते. मग दिवा कुठून आत शिरणार? सावली पडते ती कॅमेऱ्याचीच! जास्वंदीच्या पाकळीतून खालून प्रकाश आणता येतो, पण खसखशीतून नाही. म्हणजे जी गोष्ट आपल्याला इतक्या सहज जवळ घेऊन गेली, ती लहान नाभीय अंतराची देणगी, तीच आता दिव्याची वाट अडवते. हे लक्षात आलं आणि निवडीचं सगळं कोडं एका झटक्यात सुटलं. नाभीय अंतर वाढवा, तेवढी जागा मिळेल. पण तेवढंच भिंगही जास्त पुढे काढावं लागेल आणि सगळी रचना लांब होईल. छोटेपणा आणि मोकळी जागा यांत सौदा करायचा. बाकी सगळे आकडे या सौद्याचे नोकर.

म्हणून माझं दुसरं प्रेम जडलं ते एम १२ भिंगांवर. बारा मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची ही छोटी भिंगं सुरक्षा कॅमेऱ्यांत सर्रास असतात आणि ‘हाय क्वालिटी’ कॅमेऱ्याची एम १२ आवृत्तीही २०२३ मध्ये आली. या आट्यांचा पल्ला अर्धा मिलिमीटर, म्हणजे एक पूर्ण फेरा फिरवला की भिंग अर्धा मिलिमीटर पुढे. आता आठ मिलिमीटरचं भिंग घ्या आणि आठ फेरे उलटे फिरवा. भिंग चार मिलिमीटर पुढे आलं, चारला आठानं भागा, प्रमाण निम्मं! ‘हाय क्वालिटी’ कॅमेऱ्याला आता साडेबारा मिलिमीटर रुंदीचा तुकडा दिसतो, दाण्यावर सव्वातीनशे ठिपके पडतात आणि दाणा भिंगाच्या मध्यापासून चोवीस मिलिमीटर दूर आहे. चोवीस! दिव्याला यायला ऐसपैस जागा. एकाच चित्रात खसखशीचे शंभरेक दाणे मांडता येतात आणि प्रत्येकाची जाळी दिसते. एफ/२.८ चं भिंग असेल तर स्पष्ट थरही वाढून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत येतो. इतकं भिंग बाहेर काढल्यावर ते आट्यांत जरा डुगडुगतं, तेव्हा उंच धारक किंवा मध्ये एक कडी घ्यावी. मोठ्या आकाराची हरकत नसेल तर सोळा मिलिमीटरचं, मोठ्या आट्यांचं सी-माउंट भिंग आणि पाच-पाच मिलिमीटरच्या दोन कड्या: दाण्यावर चारशे ठिपके, अंतर चार सेंटीमीटरहून जास्त. पण मग त्याला ‘छोटा’ म्हणवत नाही.

दुकानदाराच्या मेगापिक्सेलकडे आता परत वळू, कारण त्याला एक शेवटचं उत्तर द्यायचं राहिलंय. समजा एकास एकवरसुद्धा चौसष्ट मेगापिक्सेलचा, ०.८ मायक्रॉन ठिपक्यांचा सेन्सर लावला. जाळी आणखी बारीक दिसेल? प्रकाश ते होऊ देत नाही! प्रकाश लहरी आहे. भिंगाच्या छिद्रातून जाताना तो पसरतो आणि एका बिंदूचं चित्र बिंदू न राहता छोटी चकती होते. एकास एकवर एफ/२ चं भिंग एफ/४ सारखं वागतं आणि हिरव्या प्रकाशाची ही चकती पाचेक मायक्रॉन रुंद असते. मॉड्यूल दोनचे चार-पाच ठिपके त्या एका चकतीत आधीच मावतात. ठिपके आणखी बारीक केले तर तीच धूसर चकती जास्त ठिपक्यांवर वाटली जाईल, इतकंच.

आणखी एक गुपित, जे कळल्यावर मी सेन्सरकडे वेगळ्याच आदरानं बघायला लागले. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर स्वतःचं एक सूक्ष्म भिंग असतं! फोनसारख्या पातळ मॉड्यूलमध्ये कडेच्या ठिपक्यांवर प्रकाश तिरका येतो, म्हणून कडेची ही सूक्ष्म भिंगं मुद्दाम थोडी सरकवून बसवलेली असतात, खास त्या मूळ भिंगासाठी. आपण ते भिंग काढून लांबचं दुसरं लावलं की प्रकाश सरळ येतो, कडेच्या ठिपक्यांचा हिशोब चुकतो, शेजाऱ्याचा रंग शेजाऱ्याकडे जातो आणि चित्राच्या कडा फिक्या पडतात. मॉड्यूल दोनमध्ये हे स्पष्ट जाणवतं. ओपनफ्लेक्शरच्या मंडळींनी त्यावर रंग दुरुस्त करायची पद्धतच बसवली आहे. कोरा पांढरा कागद आधी टिपून ठेवायचा आणि त्याच्या आधारानं कडा सावरायच्या. तेव्हा रंग मोजायचे असतील, बियांचा कस रंगावरून ठरवायचा असेल, तर मुळात भिंग बदलण्यासाठीच बनवलेला ‘हाय क्वालिटी’ कॅमेरा घेणं शहाणपणाचं.

आणि ज्यांना भिंगाला हातच लावायचा नाही? त्यांच्यासाठी एंडोस्कोपची जमात आहे, कारखान्यातूनच जवळ बघायला शिकून आलेली. यातला शिरोमणी म्हणजे ओम्निव्हिजनचा ओव्ही ६९४८. २०१९ मध्ये बाजारात मिळणारा जगातला सर्वांत लहान प्रतिमा-सेन्सर म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आकार किती? ०.५७५ मिलिमीटर लांब, तितकाच रुंद. म्हणजे खसखशीच्या दाण्याहून लहान सेन्सर! दोनशे बाय दोनशे ठिपके, सेकंदाला तीस चित्रं आणि त्याच्या मॉड्यूलचा फोकस तीन मिलिमीटरपासून तीन सेंटीमीटरपर्यंत. शरीराच्या नळ्यांत शिरणाऱ्या या कॅमेऱ्याला चाळीस हजार ठिपके पुरतात, कारण तो जिथे जायचं तिथे जातो. बाजारात मिळणारे पाच-सात मिलिमीटर जाडीचे यूएसबी एंडोस्कोप त्याचेच धिप्पाड चुलते. भोवती एलईडींचं कडं घेऊनच येतात. पाइपात, यंत्रात, झाडाच्या ढोलीत डोकवायचं असेल तर दुसरं काही बघूच नका. फक्त खोक्यावरच्या मेगापिक्सेलपेक्षा फोकसचं अंतर वाचा.

आता झटपट चार गोष्टी, ज्या खरेदीआधी माहीत असाव्यात. रास्पबेरी पाय झिरो आणि पाय ५ ला बावीस पिनांची अरुंद केबल लागते, आधीच्या मोठ्या बोर्डांना पंधरा पिनांची. मॉड्यूलबरोबर ती बघून घ्या. मॉड्यूल तीनचा फोकस आज्ञेनं द्यायचा तर आकडा डायऑप्टरमध्ये असतो, चष्म्याच्या नंबराचंच एकक. दहा म्हटलं की दहा सेंटीमीटर. मालिकेनं फोटो काढायचे असतील तर उजेड, रंग आणि फोकस तिन्ही कुलूपबंद करा, नाहीतर प्रत्येक चित्र वेगळं येईल. आणि मुंगीसारखं चालतं-बोलतं गिऱ्हाईक असेल तर ही सगळी मॉड्यूलं चित्र ओळी-ओळीनं टिपतात, त्यामुळे पळती मुंगी तिरकी येते; तिच्यासाठी सगळं एका क्षणात टिपणारा ‘ग्लोबल शटर’ कॅमेरा २०२३ पासून मिळतो. ठिपके फक्त सोळा लाख, पण प्रत्येक ठिपका ३.४५ मायक्रॉनचा, चांगला ऐसपैस.

थोडक्यात, आधी तीन प्रश्न: किती रुंदीचा तुकडा बघायचाय, दिव्याला किती जागा हवी आणि रचना किती लांब झालेली चालेल? पातळ, प्रकाश आरपार जाणारं असेल तर मॉड्यूल दोन आणि उलटं भिंग. दाणे, कापड, नाणी, किडे असतील तर एम १२ आणि थोडे उलटे फेरे. अरुंद जागा असेल तर एंडोस्कोप. हातभर अंतरावरचं, पटपट बदलतं काही असेल तर मॉड्यूल तीन, जसंच्या तसं. किंमत आणि मेगापिक्सेल यांचा नंबर यानंतर.

आणि खरं तर आज काहीच विकत घ्यायची गरज नाही. ज्यांच्या पुढचं कडं हातानं फिरवून फोकस करावा लागायचा असे जुने वेबकॅम अजून कित्येक घरांत खणात पडून आहेत. त्यातला एक काढा. कडं थांबेपर्यंत उलटं फिरवा, मग जरा जोर लावून आणखी फिरवा. भिंग बाहेर यायला लागेल. आता समोर चिमूटभर खसखस टाका, बाजूनं टॉर्च धरा, आणि जाळी दिसली की घरातल्यांना हाक मारायला विसरू नका. नुसतं सांगून कुणालाही पटत नाही.